सा-प-सा मिळवलेली बुझुकी

बुझुकी हे ग्रीकांचं लांब मानेचं तंतुवाद्य. तीन जोड्या तारांची जुनी बुझुकी घ्यावी आणि पडद्यावर बोट न ठेवता तिन्ही जोड्यांवरून नखी फिरवावी. आधी खर्जातला सा, मग प, मग मधला सा. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला यात परकं काहीच वाटत नाही. ग्रीक वादक या मिळवणीला ‘रे-ला-रे’ म्हणतात. त्यांच्याकडे ही नावं ठरलेल्या पट्टीची असतात, त्यामुळे त्यांचा रे म्हणजे आपली पांढरी दोन. तिथे आपला सा धरला की पुढचं सगळं सोपं होतं.

रेबेतिको हे ग्रीक शहरांचं गाणं या मिळवणीवर उभं राहिलं. बंदरातले हमाल, निर्वासितांच्या वस्त्या, तुरुंग, चरस ओढण्याचे अड्डे, स्वस्त दारूचे गुत्ते हे त्याचं गोत्र. या गाण्याबद्दल लिहिलेलं बहुतेक सगळं त्या अड्ड्यांपासून सुरू होतं आणि तिथेच रेंगाळतं. त्या गोष्टी खोट्या नाहीत, पण गाणं तीस-चाळीस वर्षांत एवढं का पालटलं ते त्यांतून कळत नाही. ते कळतं पडद्यांतून, तारांच्या संख्येतून, तबकडीच्या तीन मिनिटांतून आणि सेन्सॉरच्या शिक्क्यातून.

तर आधी वाद्य. बुझुकीचं पोट खोलगट असतं. अक्रोडाच्या किंवा शिसवीच्या अरुंद पट्ट्या गरम करून वाकवायच्या आणि कडेला कड लावून चिकटवायच्या. वरची फळी पातळ स्प्रूसची. मान लांब आणि अरुंद, मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर. वरच्या सा ची जोडी ०.०१० इंचाची, मधली पंचमाची साधारण ०.०१३ ची, दोन्ही साध्या पोलादी. खालच्या जोडीत मात्र एक जाड, वेटाळलेली खर्जाची तार आणि तिच्या शेजारी तिच्याच वरच्या सप्तकातली बारीक तार. बुझुकीच्या आवाजाला खण्‌खणीत धार आणि खाली घुमारा एकाच वेळी येतो, तो या बेजोड जोडीमुळे.

नवशिक्याचं पहिलं भांडण याच जोडीशी होतं. जाड तार आधी मिळवली आणि बारीक तिच्याशी जुळवायला गेलं, की कान फसतो, कारण जाड तारेतले वरचे सूर कानाला ओढतात. उलट करावं. आधी बारीक तार वरच्या सा च्या जोडीशी मिळवावी, कारण दोन्ही एकाच सुरातल्या आहेत, आणि मग जाड तार तिच्याखाली आणावी. दुसरी अडचण घोडीची. बुझुकीची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती सरकते आणि मग वरच्या पडद्यांवर वाद्य बेसूर बोलतं, मग खुंट्या कितीही पिळा. म्हणून तारा एकेक जोडी करून बदलायच्या. सरकलीच, तर बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तोच पडदा दाबून निघणारा सूर ताडून बघायचे. दाबलेला सूर चढा निघाला तर घोडी मागे, लंगोटाच्या (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) बाजूला न्यायची. उतरला तर पुढे घ्यायची. आणि गिटारच्या तारा आणून काम भागत नाही. त्यांच्या टोकाला मणी असतो, बुझुकीच्या लंगोटाला फासा लागतो.

आता स्वर. सुरांच्या चौकटींना हे वादक ‘द्रोमोस’ म्हणतात, म्हणजे रस्ता. रस्त्यांची नावं ऐकली की त्यांचा माग लगेच लागतो: रास्त, उसाक, हिजाझ, हिजाझकियार, सबाह, हुझाम. सगळी उस्मानी मकामांची, म्हणजे तिकडच्या रागांची. आपल्या थाटांवर ती ठेवून बघितली तर हिजाझकियारात भैरवाचे स्वर मिळतात. हिजाझमध्ये नि कोमल, म्हणजे बसंत मुखारीचे स्वर. उसाक भैरवी थाटावर येतो. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराच्या नावाचा एक रस्ता आहे, पिरेओतिकोस. त्यात भैरवातला मध्यम तीव्र होतो आणि पूर्वी थाट समोर उभा राहतो. सबाह सगळ्यांत तिरपागडा: सा, शुद्ध रे, कोमल ग, त्याला चिकटून शुद्ध ग, मग मध्यम टाकून थेट पंचम. कोमल आणि शुद्ध गांधार असे खांद्याला खांदा लावून आल्यावर जो घुसमटलेला भाव येतो, तो एकदा ऐकला की सबाह पुढे कुठेही ओळखू येतो.

स्वर जुळले म्हणून राग जुळला असं मात्र होत नाही. हिजाझचा ताक्सिमी वाजवताना कुणी बसंत मुखारीची चलन घातली, तर पिरेअसचा म्हातारा वादक मान हलवेल, पण नकारार्थी. ताक्सिमी म्हणजे गाण्याआधीचा तालाविना विस्तार. त्याची एक ठरलेली चाल आहे. सा भोवती थोडं घुटमळायचं, पंचमावर जाऊन थांबायचं, वरच्या सा पर्यंत एकदा चढून त्याच्या थोडं पलीकडे डोकावायचं, आणि मग उतरत यायचं. उतरताना घाई करायची नाही, कारण रस्त्याची ओळख उतरताना पटते. सगळा वेळ मोकळ्या तारा मधूनमधून छेडत राहायच्या, म्हणजे सा आणि प खालून वाहत राहतात. हे सगळं तबकडीवर अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकावं लागे. कमी वेळ मिळाल्यामुळे ताक्सिमी बिघडला असं मला वाटत नाही. त्या काळातले चांगले ताक्सिमी एका वाक्यात सगळं सांगून मोकळे होतात. मैफलीतले दहा-दहा मिनिटांचे आजचे ताक्सिमी पुष्कळदा बोटांची कसरत ठरतात.

मकामांच्या मूळ घरी या सुरांच्या जागा बारा नव्हत्या. तिथे रास्तचा गांधार आपल्या शुद्ध गांधारापेक्षा किंचित उतरलेला आणि उसाकचा ऋषभ कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी. व्हायोलिन आणि ऊद यांना पडदे नसतात, त्यांना ते जमतं. कानोनला तारेखाली छोट्या पट्ट्या असतात, त्या उचलून सूर बारीक फरकाने सरकवता येतो. बुझुकीच्या जुन्या पूर्वजांच्या मानेवर आतड्याचे बांधीव पडदे असत, तेही सरकवता येत. विसाव्या शतकातल्या बुझुकीवर धातूचे पडदे ठोकून बसवले गेले, मँडोलिनसारखे, आणि मधल्या जागा बंद झाल्या. वादकांनी वाट काढली: उसाकात वर चढताना ऋषभ शुद्ध घ्यायचा, सा वर उतरताना कोमल. मधला सूर हातातून गेला, तर त्याचे दोन शेजारी आलटून पालटून वापरायचे. आपल्याकडे हार्मोनियमवर अशाच तक्रारी होऊन ऑल इंडिया रेडिओने १९४० साली ती बंद केली आणि ते प्रकरण तीस वर्षं चाललं. पिरेअसच्या धक्क्यावर असल्या वादाला कुणाला सवड नव्हती.

बिनपडद्याचं संगीत ग्रीसमध्ये आलं ते निर्वासितांबरोबर. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना, आजचं इझ्मीर, जळालं. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. कसोटी भाषेची नव्हती, धर्माची होती. घरी तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानला, असा तो उफराटा न्याय. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या ग्रीसमध्ये सुमारे बारा लाख माणसं येऊन पडली. पिरेअसच्या भोवती कोक्किनिया, द्रापेत्सोना अशा वस्त्या उठल्या: पत्रे, फळ्या, गोणपाट आणि पुढे सरकारी खोल्या.

या माणसांत स्मिर्ना आणि कॉन्स्टँटिनोपलच्या कॅफे-अमानमधले, म्हणजे गाण्याच्या कॅफेंमधले, कसलेले गवई-वादक होते. नोटेशन वाचणारे, चार भाषांत गाणारे. पानायोतिस तुंदास हा त्यांतला मोठा रचनाकार, पुढे अथेन्समध्ये रेकॉर्ड कंपन्यांचा कलादिग्दर्शक झाला, म्हणजे कुणाचं गाणं तबकडीवर जाईल हे ठरवणारा माणूस एक निर्वासितच होता. रोझा एस्केनाझी ही ज्यू गायिका, ग्रीकबरोबर तुर्की आणि लादिनो या ज्यूंच्या स्पॅनिश बोलीतही गायची. रिता अबाट्झी स्मिर्नाची. या मंडळींचा खास प्रकार म्हणजे अमानेस. पंधरा अक्षरांच्या दोन ओळी आणि त्यांच्या मधे ‘अमान, अमान’ म्हणत घेतलेल्या ताना. दोन ओळींत तबकडीची अख्खी एक बाजू संपते. शब्द मोजायला बसलात तर वीस-पंचवीससुद्धा भरत नाहीत.

पिरेअसचं गाणं याच्या अगदी उलट. ते कमी सुरांत, कमी वाद्यांत, बसक्या आवाजात. एक बुझुकी, एक बगलामास, एक गिटार. बगलामास ही बुझुकीची पिटुकली बहीण: तारेची लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर, तीच सा-प-सा मिळवण पण एक सप्तक वर. पोट एकाच लाकडातून कोरलेलं किंवा वाळक्या भोपळ्याचं. तुरुंगात कैदी असली वाद्यं हाताला येईल त्या लाकडातून बनवत. पोलीस आले तर ती कोटाच्या आत जाई. बुझुकी लपवता येत नसे आणि फुटत असे. गंमत अशी की या चिमुकल्या वाद्याचं काम सुरावटीचं नाहीच. ते तालाचं आहे. टिणटिण करत ते मात्रा भरत राहतं आणि बुझुकीला मोकळं सोडतं. बगलामासवर जास्त हुशारी दाखवली की सगळा ठेका डळमळतो.

या शैलीचा मुख्य माणूस मार्कोस वामवाकारिस. जन्म १९०५, सीरोस बेटावरच्या आनो सीरोसचा, आणि ऑर्थोडॉक्स ग्रीसमध्ये कॅथलिक. लहानपणी पिरेअसला आला, कोळसा वाहिला, मग कत्तलखान्यात कातडी सोलायला लागला. आत्मचरित्रात तो सांगतो की एका वादकाची बुझुकी ऐकून त्याने शपथ घेतली: सहा महिन्यांत हे शिकलो नाही, तर कत्तलखान्यातल्या सुऱ्याने हात तोडून टाकीन. हात शाबूत राहिला. त्याचे सुरुवातीचे ताक्सिमी ऐकताना कळतं की तो द्रुत वाजवत नाही, पण नखीचा प्रत्येक आघात एकाच वजनाचा आहे. डाव्या हातापेक्षा उजवा हात मोठा. सा-प-सा सोडून तो वेगळ्याही मिळवणी वापरे. जुने वादक त्यांना ‘दुझेनिया’ म्हणत, आणि प्रत्येक दुझेनी दोन-तीन ठरावीक रस्त्यांसाठीच असे, म्हणजे मोकळ्या तारा त्या रस्त्याच्या मुक्कामाच्या सुरांवर येतील अशी. रस्ता बदलला की खुंट्या पिळायच्या. धंदेवाईक मंचावर एवढा वेळ कुणाकडे नसतो, म्हणून या मिळवणी सगळ्यांत आधी विस्मरणात गेल्या.

तबकडीवर बुझुकी यायला अमेरिका कारणीभूत ठरली. जानेवारी १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये योआनिस हालिकियास या स्थलांतरित ग्रीकाने बुझुकीची एक तबकडी काढली. ती अथेन्समध्ये इतकी खपली, की जे वाद्य कंपन्यांना स्टुडिओत घ्यायला लाज वाटत होती त्याची त्यांना निकड भासू लागली. १९३३ मध्ये वामवाकारिसला बोलावणं आलं. आपला आवाज घोगरा, आपण नुसतं वाजवायचं, असं त्याला वाटत होतं. ओदेऑन कंपनीचा संगीतप्रमुख स्पिरोस पेरिस्तेरिस याने त्याला गायलाही लावलं. अथेन्सच्या रिझुपोलीत कोलंबियाचा तबकड्या छापण्याचा कारखाना १९३० पासून सुरू झालेला होताच. १९३४ मध्ये वामवाकारिस, योर्गोस बातिस, स्त्रातोस पायुम्त्झिस आणि अनेस्तिस देलियास असे चौघे ‘पिरेअसची प्रसिद्ध चौकडी’ म्हणून एकत्र वाजवू लागले. रांगेत खुर्च्या, मांडीवर वाद्यं, समोर टेबलं. देलियास त्यांत सगळ्यांत लहान. त्याने हेरॉइनच्या व्यसनावर गाणं केलं, नंतर स्वतः त्याच वाटेला लागला आणि १९४४ मध्ये ऐन बत्तिशीत गेला.

दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या वर फारसं काही मावत नाही. म्हणून त्या काळच्या गाण्यांचा साचा ठरून गेला: छोटा ताक्सिमी किंवा बुझुकीचा मुखडा, कडवं, मुखडा, कडवं, मुखडा, आणि संपलं. मधेच कुणीतरी ‘अरे वा मार्कोस, जियो’ अशा थाटाची हाक देतो. ती उत्स्फूर्त वाटली तरी तिला काम आहे: कोण वाजवतंय हे ऐकणाऱ्याला सांगणं. जुन्या तबकड्यांबरोबर वाजवून शिकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जातात, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र नेमक्या त्याच वेगाने फिरत होतं याची हमी नसते. सूर अर्धा पाव चढाउतार निघतो. तारा तोडून घेण्याऐवजी ध्वनिफितीचा वेगच थोडा बदलावा.

ताल हा या गाण्याचा दुसरा आधार, आणि त्यात झेइबेकिकोला तोड नाही. नऊ मात्रा, संथ लय, बहुधा दोन-दोन-दोन-तीन अशी विभागणी. ‘एक दोन, एक दोन, एक दोन, एक दोन तीन’ असं मोजत टाळी द्यायची. चुकतं कुठे, तर शेवटच्या तीनात. चार-चारची सवय असलेला माणूस आठव्या मात्रेला समेची तयारी करतो, आणि एक मात्रा उरतेच. त्या उरलेल्या मात्रेवर नाचणारा हेलकावा घेतो, पडतोय की काय असं वाटतं, आणि सावरून समेवर येतो. वादकाने ती मात्रा आखडली तर नाचणाऱ्याचा पाय अधांतरी राहतो. म्हणून इथे गिटारवाला महत्त्वाचा: खर्जाचा ठोका प्रत्येक गटाच्या सुरुवातीला, बाकीच्या मात्रांवर झणकारा, म्हणजे एकदम छेडलेला सूरसमूह (कॉर्ड), आणि घाई शून्य. नऊ मात्रांचा द्रुत प्रकारही आहे, कार्सिलामास. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आलेल्या मंडळींचा, जोडीने नाचायचा. हासापिको चार मात्रांचा, खाटकांचा नाच, दोघा-तिघांनी खांद्यांवर हात टाकून करायचा. त्सिफ्तेतेली कंबर हलवायचा. जगभर ‘ग्रीक नाच’ म्हणून माहीत असलेला सिर्ताकी मात्र १९६४ सालच्या एका चित्रपटासाठी हासापिकोची संथ आणि द्रुत रूपं जोडून बेतलेला आहे. रेबेतिकोच्या गुत्त्यात तो शोधायला जाऊ नये.

झेइबेकिको एकट्याने नाचायचा. ठरलेल्या पायऱ्या नाहीत. हात पसरलेले, नजर जमिनीवर, एका छोट्या वर्तुळात फिरणं, मधेच गुडघा वाकवून हाताने जमिनीला चापट मारणं. नाच प्रेक्षकांसाठी नसतो, म्हणून जुन्या रिवाजात टाळ्याही पडत नसत. मित्र फार तर गुडघ्यावर बसून ताल धरतील. एखाद्याने पैसे देऊन फर्माईश केली, की ते गाणं त्याचं. त्या गाण्यावर दुसऱ्याने उठायचं नाही. हा नियम किती गंभीरपणे घेतला जायचा ते २५ फेब्रुवारी १९७३ च्या रात्री अथेन्सच्या एका नाइटक्लबात दिसलं. निकोस कोएम्झिस नुकताच तुरुंगातून सुटला होता. त्याच्या भावाने वामवाकारिसच्या एका गाण्याची फर्माईश केली आणि तो भाऊ नाचायला उठला, तेव्हा साध्या वेशातले पोलीसही मधे आले. मारामारी झाली, कोएम्झिसने चाकू काढला आणि तीन पोलीस मेले. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली, १९९६ मध्ये तो सुटला आणि शेवटची वर्षं अथेन्सच्या बाजारात स्वतःच्या आयुष्यावरचं पुस्तक विकत बसायचा. या घटनेवर ग्रीसमध्ये चित्रपट निघाला, गाणी झाली. लष्करी राजवटीचा काळ होता, त्यामुळे खुन्यात बंडखोर बघणारे पुष्कळ निघाले. ती वीरकथा मला पटत नाही; पण नऊ मात्रांच्या त्या जागेची मालकी हा तिथे काय मामला होता, एवढं त्यातून नीट कळतं.

मागे १९३६ कडे जायला हवं. ४ ऑगस्ट १९३६ रोजी मेताक्सासची हुकूमशाही आली आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक गाणं ध्वनिमुद्रणाआधी सेन्सॉरकडे जाऊ लागलं. शब्दही आणि चालही. चरस, अड्डा, चिलीम हे शब्द गेले, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त मोठी काटछाट सुरांची झाली. अमानेस ‘पौर्वात्य’ ठरला आणि तबकडीवरून नाहीसा झाला. समुद्राच्या पलीकडे तुर्कस्तानात १९३४ मध्ये उस्मानी दरबारी संगीत रेडिओवरून बंद केलं गेलं होतं, तेही ते पुरेसं पाश्चात्त्य नाही म्हणून. एकमेकांशी लढलेली दोन सरकारं तीन वर्षांच्या आत एकाच संगीतावर एकाच कारणाने उठली. स्मिर्नावाल्या गायकांच्या हातून व्यवसाय निसटला. बुझुकी टिकली, कारण तिच्या धातूच्या पडद्यांवर आधीच बारा सूर होते आणि युरोपी कानाला ती चालवून घेता येत होती. जी मर्यादा होती तीच तिच्या पथ्यावर पडली.

या नव्या अटींत उत्तम बसला वासिलिस त्सित्सानिस. जन्म १९१५, थेसलीतल्या त्रिकालाचा, अथेन्सला कायदा शिकायला आलेला. त्याची गाणी प्रेमाची, परदेशाची, गरिबीची; अड्ड्याचा धूर त्यांत जवळपास नाही. चालींमध्ये युरोपी मेजर-मायनर ठळक झाले, खाली झणकाऱ्यांची बदलती साखळी आली, आणि दोन आवाज तिसऱ्या सुराच्या अंतराने समांतर गाऊ लागले. आता सा-प खालून सतत वाहत ठेवणं अडचणीचं झालं, कारण खालचा झणकारा बदलला की तोच सा बेसूर लागायचा. जर्मन ताब्याच्या काळात आणि त्यानंतरही काही काळ, १९४१ ते १९४६, स्टुडिओ बंद होते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर उपासमारीने मेली. त्सित्सानिस तेव्हा थेसालोनिकीत ऊझो या ग्रीक दारूचं एक छोटं दुकान चालवत होता आणि गाणी लिहून साठवत होता. त्यांतलं ढगाळ रविवारावरचं गाणं १९४८ मध्ये तबकडीवर आलं, प्रोद्रोमोस त्साऊसाकिस आणि सोतिरिया बेल्लू यांच्या आवाजात. ते ग्रीसचं जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत झालं. त्याच वर्षी, यादवी युद्ध चालू असताना, बेल्लू गात असलेल्या गुत्त्यात उजव्या गटाच्या लोकांनी तिला डाव्या विचारांची म्हणून मारहाण केली. वाद्यं वाजवणारे शेजारी बसले होते. कुणी उठलं नाही, हे तिला पुढे मारापेक्षाही जास्त लागलं होतं.

डावेही या गाण्यावर खूश नव्हतेच. त्यांच्या लेखी ते व्यसनी, पराभूत लोकांचं गाणं. ३१ जानेवारी १९४९ रोजी तरुण संगीतकार मानोस हाजिदाकिस याने अथेन्सच्या थेआत्रो तेख्निसमध्ये रेबेतिकोवर व्याख्यान दिलं आणि वामवाकारिस व बेल्लू यांना मंचावर आणून वाजवायला-गायला लावलं. शिकलेल्या वर्गाने ऐकलं, काही जण भडकले. त्या दिवसापासून गाण्याला प्रतिष्ठा मिळू लागली आणि, माझ्या मते, त्याची मुळं सैल व्हायला सुरुवात झाली. १९६८ मध्ये इलियास पेत्रोपुलोसने सेन्सॉरला न विचारता रेबेतिकोच्या गाण्यांचं मोठं पुस्तक छापलं आणि तुरुंगात गेला. २०१७ मध्ये हेच गाणं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

वाद्यात खरी उलथापालथ केली मानोलिस हिओतिसने. १९५० च्या दशकात त्याने बुझुकीला चौथी जोडी लावली आणि मिळवण केली दो-फा-ला-रे. गिटारच्या वरच्या चार तारा एक सूर खाली उतरवल्या की हेच मिळतं, त्यामुळे गिटारवाल्याची बोटं थेट बुझुकीवर चालू लागली. झणकारे सोपे झाले, सप्तकं ओलांडताना हात कमी सरकवावा लागला, वेग दुप्पट झाला, आणि पिकअप लावल्यावर हजार माणसांच्या सभागृहात आवाज पोचू लागला. हिओतिस विलक्षण वादक होता, त्याची सफाई वादातीत आहे. पण चार जोड्यांवर मोकळी नखी फिरवली की सा-प-सा येत नाही. एक युरोपी झणकारा येतो. खालून वाहणारा आधारस्वर गेला. ताक्सिमी शिकू इच्छिणाऱ्याने म्हणून तीन जोड्यांची बुझुकी घ्यावी, भले तिच्यावर झणकारे अवघड जावोत. दुकानदार चार जोड्यांची पुढे करतील, कारण खप तिचा आहे.

हिओतिसच्या काळातच आपल्याकडची गाणी ग्रीसमध्ये पोचली. १९५० च्या दशकात हिंदी चित्रपट ग्रीक शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या थिएटरांत धो-धो चालत. नर्गिस तिथे घराघरांत माहीत होती. गिरण्यांत आणि घरकामात राबणाऱ्या बायका हुंदके देत बघायच्या, आणि सिनेमा संपला की चाल ओठांवर घेऊन बाहेर पडायच्या. रेकॉर्ड कंपन्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. चाल उचलायची, ग्रीक शब्द बसवायचे, बुझुकीचा मुखडा लावायचा. या चाली तिथे परक्या वाटल्या नाहीत त्याचं एक कारण उघड आहे: भैरवीच्या आणि भैरवाच्या स्वरांना त्या कानांत उसाक आणि हिजाझकियार म्हणून आधीच जागा होती, आणि १९३७ नंतर त्यांची तबकडीवर उपासमार झालेली होती.

यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं स्तेलिओस कझांत्झिदिसचं. जन्म १९३१, अथेन्सच्या निआ इओनियाचा. तीही निर्वासितांचीच वस्ती. आई आशिया मायनरच्या आलाया गावची, बाप काळ्या समुद्राकाठचा. गाण्याचं नाव ‘मांदुबाला’, अर्थात मधुबाला. चाल ‘आवारा’तली, शंकर-जयकिशनांची, लताबाईंनी गायलेल्या ‘आ जाओ तड़पते हैं अरमाँ’ची. तबकडीवर त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नव्हतं, आणि त्या काळातल्या अशा बहुतेक तबकड्यांवर हाच प्रकार आहे. ही उचलेगिरी होती आणि तिला दुसरं नाव देण्याचं कारण नाही. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत. लताबाई वाट पाहणाऱ्या रात्रीत हळुवार उतरत जातात. कझांत्झिदिस तीच चाल छातीतून, पूर्ण जोराने घेतो, ओळीच्या शेवटी सूर हलवून सोडतो, अमानेसवाले सोडत तसा.